सासूबाईंना नेमकी कोणती गोळी बाधली?

इंदूरच्या राजेंद्र नगरातून एका सूनबाईंनी विचारलं आहे. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. न्हाणीघरात पाय घसरून बसकण मारली आणि कंबरेचा मणका दबला. हाडांच्या डॉक्टरांनी चार गोळ्या लिहून दिल्या: ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ, सूज-दुखीची एटोरिकॉक्सिब ९० मिलिग्रॅम सकाळी, नसांच्या दुखण्याची प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम रात्री आणि उपाशीपोटी गॅसची पँटोप्राझोल. दुसऱ्या दिवसापासून उलट्या आणि चक्कर. चौथ्या रात्री त्यांनी सुनेला विचारलं, "ओसरीवर हे कधीचे बसलेत, चहा का नाही दिलास?" सासऱ्यांना जाऊन दोन वर्षं झाली आहेत. पावलं सुजली, पाच दिवस पोट साफ नाही. घाबरून घरच्यांनी सहाव्या दिवशी सगळ्याच गोळ्या बंद केल्या, बीपीची आणि रात्रीची जुनी गोळीसुद्धा. आता उलट्या थांबल्यात, पण कूस बदलताना त्या ओरडतात आणि एकसारखी तगमग चालू आहे. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येतील. शेजारच्या काकूंचं मत असं की अंग्रेजी दवाई गरम पडली, वैद्याची पुडी आणा. विचारणं एवढंच: बाधली कोणती आणि परत कोणती सुरू करू?

ताई, मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. अकरा वर्षं एका रुग्णालयाच्या औषध विभागात काढली आणि गेली एकवीस वर्षं रामबागेच्या बाजूला स्वतःचं दुकान चालवते. डोस ठरवणं माझं काम नाही. कोणती गोळी काय खोड्या करते, हे मात्र रोज बघते.

आधी आजचं बोलू. सोमवारपर्यंत थांबू नका. नसलेलं माणूस दिसणं ही "म्हातारपणी होतं असं" म्हणून सोडायची गोष्ट नाही, मग आता ते थांबलं असलं तरीही. हाडांचेच डॉक्टर हवेत असं नाही. तुमचे नेहमीचे फिजिशियन चालतील, तेही नसतील तर एम. वाय. हॉस्पिटलचा तातडीचा विभाग रात्रीही उघडा असतो. तिथे रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन बघायला सांगा, बीपी मोजून घ्या. जुन्या दोन्ही गोळ्यांचं काय करायचं तेही तिथेच विचारा. त्या उगीच थांबवलेल्या बऱ्या नाहीत, पण उलट्या होऊन अंग सुकलेलं असेल तर बीपीची गोळी आहे तशी लगेच सुरू करणंही बरोबर नसतं. हे रिपोर्ट बघूनच ठरतं, म्हणून त्यावर मी इथे हो-नाही म्हणणार नाही.

आता बाधली कोणती. खरं सांगायचं तर एक नाही.

उलट्या बहुतेक ट्रामाडोलच्या. हे औषध जर्मनीत तयार झालं, १९७७ मध्ये बाजारात आलं. अफूच्या बोंडातून ते काढत नाहीत, कारखान्यात बनतं, पण मेंदूत जाऊन दार अफूचंच ठोठावतं. आपण माळव्यातली माणसं, मंदसौर-नीमचची शेतं बघितलेली, त्यामुळे "अफू" म्हटलं की घरचे दचकतात आणि मला विचारतात की सवय लागेल का. पाच-सात दिवसांत, सांगितल्या मात्रेत, ती भीती सहसा नसते. पहिल्या आठवड्यात त्रास होतो तो मळमळीचा. बऱ्याच जणांची मळमळ चार-सहा दिवसांत आपोआप ओसरते. काहींची ओसरत नाही, कारण ही गोळी पोटात गेल्यावर यकृतातलं एक एन्झाइम तिचं अधिक जोरकस रूप तयार करतं, आणि ते एन्झाइम प्रत्येकाचं जन्मतःच वेगळं असतं. कुणाचं भराभर काम करतं, कुणाचं जेमतेम. म्हणून एकाच गोळीने एक माणूस भिंत धरून चालतो आणि दुसरा म्हणतो, काहीच फरक नाही. "आमच्या मामांना तर हीच दिली होती, त्यांना काही झालं नाही," हे वाक्य काउंटरवर मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. मामांचं यकृत मामांचं.

जाता जाता एक: उलटी थांबवायला घरातली ओंडॅन्सेट्रॉनची गोळी देऊन टाकायची पद्धत आहे. ट्रामाडोल ज्या मार्गांनी दुखणं कमी करतं, त्यातला एक ती गोळी अडवते. उलटी थांबते आणि कंबर जास्त दुखू लागते, मग माणूस आणखी एक ट्रामाडोल मागतो. विचारूनच द्या.

चक्कर दोघांची मिळून: ट्रामाडोल आणि प्रीगॅबालिन. दोन्ही झापड आणतात. दोन्ही एकत्र, आणि त्यात वय सत्तरीपुढचं, तर श्वाससुद्धा मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१९ मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता. म्हणून ही जोडी चालू असताना म्हातारं माणूस "छान गाढ झोपलंय" असं वाटलं तरी एकदा हाक मारून बघावं. हाकेला ओ नाही, श्वास खूप सावकाश चाललाय, ओठ निळसर दिसतात, तर १०८ ला फोन करा, पुढचं सगळं नंतर.

सुजेचे संशयित दोन. प्रीगॅबालिनने घोटे सुजतात, हे माहीत असलेलं आहे. पण माझं बोट आधी एटोरिकॉक्सिबकडे जातं. ही गोळी पोटाला त्यातल्या त्यात सांभाळून घेते, म्हणून आपल्याकडे भरपूर लिहिली जाते. मात्र ती शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी चढवते. युरोपातल्या तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट आहे की ज्यांचं बीपी सतत १४०/९० च्या वर राहतं आणि नीट आटोक्यात नाही, त्यांना ती देऊ नये. अमेरिकेत तिला मान्यता मिळालेलीच नाही. तिच्याच घराण्यातली रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या झटक्यांमुळे सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतली गेली. याचा अर्थ एटोरिकॉक्सिब विष आहे असा नाही. चाळिशीतल्या धडधाकट माणसाला आठवडाभर ती उत्तम काम देते. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत प्रश्न असा आहे की ती गेली कुणाच्या सोबतीला.

तुम्ही पर्चीचा जो फोटो पाठवलात त्याच्या कडेला जुन्या गोळ्यांची स्ट्रिप दिसते: टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ एकाच गोळीत. शेजारी एसिटालोप्राम १०. पहिली बीपीची. दुसरी, तुम्ही लिहिता, "झोपेची, बाबा गेल्यापासून". ती झोपेची नाही, उदासीची आहे. डॉक्टरने घरच्यांना तसं सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असेल आणि घरच्यांनी ते "झोपेची" करून घेतलं असेल. आपल्या घरांत हे फार होतं. शुगरची गोळी चारचौघांत घेतली जाते, मनाची गोळी मात्र डब्याच्या तळाशी, आणि दुसऱ्या डॉक्टरने "आणखी काही चालू आहे का" विचारलं तर उत्तर येतं, "बस, बीपीची." मला हे लबाडीचं वाटत नाही, लाजेचं वाटतं. पण इथे नेमकी तीच गोळी महत्त्वाची होती.

बघा कसं. एसिटालोप्राम काही वयस्कर माणसांच्या रक्तातलं सोडियम उतरवतं. हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारा भाग, तोही उतरवतो. ट्रामाडोलनेही ते उतरल्याच्या नोंदी आहेत. दोन गोळ्यांवर दोन वर्षं गाडी कशीबशी चालत होती, तिसरी आली, वर तीन दिवस उलट्या आणि पोटात नुसतं लिंबूपाणी. सोडियम घसरलं की माणूस आधी मलूल होतं, मग असंबद्ध बोलतं, फारच घसरलं तर आकडी येते. ओसरीवरचे सासरे यातून आलेले असू शकतात. ट्रामाडोलच्या किंवा प्रीगॅबालिनच्या झिंगेतूनही असू शकतात. तुंबलेल्या लघवीतून, पाच दिवसांच्या बद्धकोष्ठातून, नुसत्या वेदनेने आणि जागरणानेही म्हातारी माणसं अशी भरकटतात. बाहेरून बघून हे वेगळं करता येत नाही. सोडियमचा आकडा बघितला की अर्धी गुंतागुंत सुटते, म्हणून ती तपासणी मी सगळ्यात वर सांगितली.

ट्रामाडोल आणि एसिटालोप्राम एकत्र असण्याचा आणखी एक धोका आहे. दोन्ही मेंदूत सेरोटोनिन वाढवतात. ते फाजील वाढलं तर हातपाय थरथरतात, स्नायू अचानक झटका देतात, दरदरून घाम येतो, ताप चढतो, जुलाब लागतात, छाती धडधडते. तुम्ही "तगमग" लिहिलंय म्हणून विचारते: हात पुढे धरायला सांगितल्यावर कापतात का? घाम, ताप? असेल तर आजच्या भेटीत हे पहिलं सांगा. नसेल तर तगमगीला बाकीची कारणं पुरेशी आहेत: एसिटालोप्राम एकदम थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत चिडचिड, चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, आणि मोडलेला मणका औषधाविना आहेच. प्रीगॅबालिनही नियमाप्रमाणे हळूहळू उतरवून बंद करायचं असतं. पाचच रात्री घेतली होती म्हणून फारसं बिघडलं नसावं, पण महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनी असं करू नये.

मूत्रपिंडाचं राहिलं, आणि तो माझ्या स्वतःच्या चुकीचा विषय आहे. टेल्मिसार्टनसारखी गोळी, सोबत लघवीची गोळी आणि त्यावर कोणतीही सूज-दुखीची गोळी, मग ती डायक्लोफेनॅक असो, आयबुप्रोफेन असो, एटोरिकॉक्सिब असो. या तिघी एकत्र आल्या की मूत्रपिंडाच्या गाळणीतला रक्ताचा दाब दोन्ही बाजूंनी घटतो. त्यात उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं की मूत्रपिंड काही दिवसांत काम सोडू शकतं. हे मी कॉलेजात शिकले, नवीन मुलांना शिकवलं, आणि बारा वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांचा गुडघा धरला तेव्हा दुकानातून येताना डायक्लोफेनॅकची स्ट्रिप पिशवीत टाकून घेऊन आले. घरचंच माणूस, त्यांची बीपीची गोळी दर महिन्याला मीच आणत होते. आठवड्याने पावलं सुजली, जेवण जाईना. क्रिएटिनिन १.१ होतं ते २.३ निघालं. गोळी थांबवली, डॉक्टरांनी बीपीच्या गोळीतला लघवी वाढवणारा भाग काही दिवस काढला, तीन आठवड्यांनी आकडा पुन्हा खाली आला. सासरे म्हणाले, "तुझ्या दुकानात दुसऱ्यांना तरी विचारतेस ना?" तेव्हापासून विचारते. (डायक्लोफेनॅकने गिधाडांचं काय केलं हे आठवत असेल. औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन त्यांची मूत्रपिंडं गेली, आणि २००६ मध्ये आपल्या सरकारला जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. माणसाचं मूत्रपिंड गिधाडापेक्षा पुष्कळ सोशिक आहे, पण सत्तरीनंतर त्याच्या सोशिकपणावर फार विसंबू नये.)

हे तुमच्या प्रश्नाला जोडून बघा. प्रीगॅबालिन शरीराबाहेर जातं ते जवळजवळ सगळं लघवीतून. मूत्रपिंड मंदावलं की ते साचतं. म्हणजे सकाळच्या एटोरिकॉक्सिबने रात्रीच्या प्रीगॅबालिन ७५ चा असर वाढवून ठेवला, असं होऊ शकतं. पँटोप्राझोल यातल्या कशालाच आवर घालत नाही. "सोबत गॅसची गोळी आहे ना" म्हणून लोक निर्धास्त असतात. ती जठर सांभाळते, मूत्रपिंड नाही, हृदयही नाही.

हाडांच्या डॉक्टरांवर सगळं ढकलायला माझं मन घेत नाही. त्यांच्यापुढे मोडलेला मणका होता. बीपीची चिठ्ठी एका दवाखान्यातली, मनाची दुसऱ्या, मणक्याची तिसऱ्या. या तिन्ही चिठ्ठ्या एकमेकींना पहिल्यांदा भेटतात त्या आमच्या काउंटरवर, तेही घरच्यांनी सगळं एकाच दुकानातून घेतलं तर. अर्धं दवा बाजारातून स्वस्तात, अर्धं कोपऱ्यावरून, दोन ऑनलाइन, असं झालं की त्या कुठेच भेटत नाहीत.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना कागद नाही, पिशवी न्या. घरात आहे ती प्रत्येक स्ट्रिप, थेंब, मलम, चूर्ण, सगळं. आणि एका वहीच्या पानावर तारखेप्रमाणे लिहा: कोणती गोळी किती वाजता, त्रास किती वाजता. "औषध सूट नाही झालं" एवढं सांगितलं तर डॉक्टर फार तर ब्रँड बदलतील, आत साल्ट, म्हणजे मूळ औषध, तेच राहील. त्याऐवजी असं सांगा: "सकाळची ट्रामाडोल घेतल्यावर तासाभरात उलटी, तीन दिवस रोज. चौथ्या रात्री प्रीगॅबालिननंतर भास. सहाव्या दिवसापासून सगळं बंद, त्यात एसिटालोप्रामही. लघवी दिवसातून दोनदाच, गडद." या तीन-चार वाक्यांवर डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. पर्चीवरची अक्षरंही पुन्हा बघा. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तरच. दुखलं तर घ्यायची गोळी नेमाने दोन वेळा घेतलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे, आणि लिहिणाऱ्याचं अक्षर हा त्यातला मोठा गुन्हेगार असतो.

परत कोणती सुरू करू, हे तुम्ही विचारलंत. आपल्या मनाने एकही नाही. पण दुखणं तसंच सोसायला लावू नका; वेदनेने माणूस हलत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ धरतो आणि पाठीला जखमा होतात. डॉक्टरांना विचारा की नुसतं पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला दिलं तर चालेल का. या वयात यकृत ठीक असेल तर सुरुवात बहुधा त्यानेच होते, आणि वयस्कर माणसांत दिवसाला ३ ग्रॅमच्या आत राहतात. फक्त लक्षात ठेवा, तुमच्या एकत्र गोळीतही ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे आणि सर्दी-तापाच्या गोळीतही असतं. वरून लावायचं जेल विचारून बघा, त्यातलं औषध रक्तात फार कमी उतरतं. ट्रामाडोल पुन्हा द्यायचंच ठरलं तर कमी मात्रेत, एसिटालोप्रामचा हिशेब लावून, आणि पोट साफ होण्याच्या औषधासकट. मळमळ काही दिवसांत जाते, अफूवर्गाचं बद्धकोष्ठ जात नाही, ते गोळी असेपर्यंत राहतं. माळव्यात इसबगोल हा त्यावरचा हमखास उपाय समजतात, पण आतडं सुस्तावलेलं असताना आणि पाणी कमी पीत असताना इसबगोल आत गोळा होऊन बसतं. इथे लॅक्टुलोज किंवा बिसाकोडिलसारखं काही लागतं, ते लिहून घ्या.

पायातली ताकद अचानक गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, शौच डांबरासारखं काळं झालं, लघवी जवळजवळ थांबली, छातीत दुखलं, आकडी आली, तोंड-ओठ सुजले किंवा अंगावर फोड उठले, तर रिपोर्टची वाट न बघता थेट रुग्णालय.

रात्री खोलीत मंद दिवा ठेवा, चष्मा आणि कानातलं यंत्र हाताशी असू द्या. पुन्हा कुणी "दिसलं" तर वाद घालू नका, "नाहीयेत ते, विसरलात का" असं तर मुळीच नको. प्रत्येक वेळी बातमी नव्याने कळते. शांतपणे विषय बदला. आणि त्या भानावर आल्या की सांगा की हे औषधाने झालं होतं, वेड लागलं नव्हतं. पुष्कळ म्हाताऱ्या बायका पुढे महिनाभर याच भीतीने गप्प राहतात आणि पुढच्या वेळी दुखलं तरी सांगत नाहीत.

वैद्याच्या पुडीबद्दल: पदवीधर वैद्यांनी लिहून दिलेल्या, नाव-गाव असलेल्या औषधाशी माझं भांडण नाही. बिननावाच्या, जोडदुखीवर दोन दिवसांत जादू करणाऱ्या पुडीत स्टिरॉइड कुटलेलं निघतं, हे मी पाहिलेलं आहे. तुमच्या सासूबाईंचा मणका नुसत्या बसकणीने दबला, म्हणजे हाडं आधीच ठिसूळ असणार. स्टिरॉइड ती आणखी ठिसूळ करेल. (हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि उपचार हा पुढच्या महिन्याचा विषय, पण तो सोडू नका.)

झालेला त्रास नोंदवता येतो, तोही तुम्ही स्वतः. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, गाझियाबादच्या भारतीय भेषजसंहिता आयोगाकडून चालतो. फोन फुकट आहे, १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी कचेरीच्या वेळेत. रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही मिळतो. डॉक्टरांवर तक्रार म्हणून हे नसतं, तसं समजून लोक उगाच कचरतात. अशाच जमलेल्या नोंदींवरून मेफेनॅमिक ॲसिडबद्दल, म्हणजे पाळीच्या दुखण्याला घरोघरी घेतात त्या गोळीबद्दल, नोव्हेंबर २०२३ मध्ये देशभर सावधगिरीची सूचना निघाली.

शेवटी उरलेल्या स्ट्रिपचं. ट्रामाडोल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आम्हालाही प्रत्येक विक्री डॉक्टरांच्या नावासकट लिहून ठेवावी लागते. ती घरात इतर गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका, वापरायची नसेल तर दुकानात विचारून नष्ट करा. आणि शेजारच्या काकूंना त्यांच्या गुडघ्यासाठी देऊ नका. गरम पडते म्हणाल्या असल्या तरी मागतील.